लायब्ररीच्या पुस्तकात ढेकूण! सांगायचं की गपचूप परत करायचं?

शहापूरवाली | ९ जुलै, रात्री ११:५२

मंडळी, विषय लाजिरवाणा आहे म्हणून नेहमीच्या आयडीने न लिहिता नवीन काढून लिहितेय. आमच्या भागातल्या एका मराठी वाचनालयाची मी चौदा वर्षांची सभासद. नाव सांगणार नाही, विचारू नका. दोन आठवड्यांपूर्वी तिथून दिवाळी अंकांचा एक बांधीव खंड आणला. चार अंक एकत्र शिवून वर निळं रेक्झिन, उशीएवढा जाड. बेळगावात पाऊस लागला की दुपारी दुसरं करायचं काय? हॉलमधल्या दिवाणावर आडवं पडून वाचायचं, डोळा लागला की खंड उशाशी.

परवा रात्री पान उलटलं आणि शिवणीच्या खाचेत तपकिरी टिकली दिसली. माझीच पडली असेल म्हणून उचलायला गेले तर टिकली चालायला लागली. बोटाने चिरडली. रक्त, आणि तो वास! आजोळी खाटा अंगणात आणून आपटायचे, तेव्हा यायचा तोच. चाळीस वर्षांनी ओळखला.

दंडावर एका ओळीत तीन-तीन गांधी उठल्या आहेत. यजमानांना एकही नाही, त्यामुळे त्यांच्या मते डास आहेत आणि मी उगाच कांगावा करतेय. खंड परत करायची तारीख १४ जुलै. वाचनालयाला सांगावं तर वाटतं, आधीच सभासद घटलेत, त्यात ही बोंब उठायची. न सांगता परत द्यावा तर पुढच्याच्या घरी जाणार. खरं सांगायचं तर रागही आलाय. वर्गणी भरून ढेकूण आणायचे का?

दुसरं गेट | १० जुलै, सकाळी ६:३०

जाळून टाका, दंड भरा, विषय संपवा.

फडताळ | १० जुलै, सकाळी ८:१४

बांधीव दिवाळी अंक जाळायचे? अहो, रद्दीतून वाचून कुणीतरी जपलेली ती शेवटची प्रत असू शकते. असल्या खंडांची दुसरी प्रत पैसे टाकूनही मिळत नाही. दंड कशाचा भरणार?

आक्का, आधी नक्की ढेकूणच आहे ना ते बघा. पावसाळ्यात पुस्तकात फिरणारं दहातलं नऊ वेळा दुसरंच काही असतं.

शहापूरवाली | १० जुलै, सकाळी ९:०२

रक्त आलं हो. पुस्तकातल्या किड्यात माझं रक्त कुठून येणार?

खानापूरचा जुना | १० जुलै, दुपारी १:४०

ताई, तुमचा मुद्दा बिनतोड आहे. तरी इतरांसाठी लिहितो. मी एकतीस वर्षं ग्रंथालयात काढली, त्यातली निम्मी धूळ झटकण्यात.

कसर म्हणजे चंदेरी, गाजरासारखी निमुळती, मागे तीन शेपट्या, उजेड पडला की माशासारखी सळसळत पळते. ती खळ खाते, कागद खरवडते. पावसाळ्यात ओल धरलेल्या पुस्तकात पांढुरके, जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे बारीक जीव दिसतात, त्यांना आम्ही पुस्तकातल्या उवा म्हणायचो. ते बुरशीवर जगतात, माणसाला चावत नाहीत. वाळवीचं तर सांगायलाच नको. ढेकूण या सगळ्यांहून वेगळा. कागद, खळ, कापड यातलं तो काहीच खात नाही. त्याला फक्त रक्त लागतं. पूर्ण वाढलेला साधारण पाच मिलिमीटर, सफरचंदाच्या बीएवढा, उपाशी असेल तर कागदासारखा चपटा. पंख नाहीत, उडीही मारता येत नाही.

पुढचं जरा नीट वाचा. वाचनालयाच्या कपाटाशी रात्री कुणी झोपत नाही. तिथे ढेकणाला खायला काही नाही, म्हणून तिथे तो वाढत नाही. पुस्तकात तो येतो ते कुणाच्या तरी उशाशी पुस्तक पडलेलं असतं म्हणून. अंधारी, अरुंद फट त्याला हवीच असते, आणि जाड बांधणीच्या पाठीत अशी आयती नळी असते. खंड उघडा, मग पाठीकडून आरपार बघा, पाठीचं रेक्झिन आणि शिवण यांच्यामध्ये पोकळी दिसेल. विजेरी मारा. पुठ्ठ्याच्या बिजागरीतही बघा. शाईचं पेन टेकवल्यासारखे काळे ठिपके असतील तर ती त्याची विष्ठा. ओल्या कापसाने टिपा, तांबूस-तपकिरी फराटा उठला तर शंका नको. अंडी जेमतेम एक मिलिमीटर, पांढरी, चिकटवलेली असतात.

आणि एक विचारतो, रागावू नका. दिवाण नवा आहे की जुना?

निपाणीकर | १० जुलै, दुपारी २:२५

आमच्यात सोपं असतंय. तंबाखूची चार पानं घालायची पुस्तकात, संपलं. आमच्या आज्ज्याच्या पोथ्या अशाच राहिल्यात.

वेखंड | १० जुलै, दुपारी ३:१०

पोथ्यांत तंबाखू, वेखंड, कडुनिंबाचा पाला ठेवायचे ते कसर लागू नये म्हणून. ढेकूण वासाने हलला तर शेजारच्या पुस्तकात जाऊन बसेल. डांबरगोळ्यांचंही तेच. आम्ही सहा महिने कपाटात डांबरगोळ्या ठेवल्या, ढेकूण ठणठणीत, माझं मात्र डोकं चढायचं.

निपाणीकर | १० जुलै, दुपारी ३:१८

मग राहिल्यात कश्या पोथ्या?

वेखंड | १० जुलै, दुपारी ३:३१

पोथी उशाशी घेऊन कोण झोपतंय वो? देव्हाऱ्यात असते ती.

हॉस्टेलवासी | १० जुलै, रात्री १०:०५

मी धारवाडला हॉस्टेलला होतो तेव्हा खोलीत तिघे कानडी, मी एकटा मराठी. ढेकणाला कानडीत तिगणे म्हणतात हा मी शिकलेला पहिला शब्द. एकट्यालाच गांधी उठायच्या, बाकी तिघे म्हणायचे आम्हाला चावतच नाहीत. नंतर कळलं, चावतो सगळ्यांना, अंग सगळ्यांचं उठत नाही. कुणाला लगेच उठतं, कुणाला दहा-बारा दिवसांनी. तेव्हा काकांना सांगा, डास नाहीत.

एक दिलासा. हा रक्त पितो, पण डासासारखा रोग पसरवतो असं कुठे आढळलेलं नाही. खाजवून जखम चिघळते तेवढंच. झोपेचं खोबरं होतं ते वेगळं.

शहापूरवाली | ११ जुलै, सकाळी १०:४५

काकांनी सांगितलं तसं पाहिलं. पाठीच्या पोकळीत विजेरी मारली आणि अंगावर काटा आला. सात-आठ काळे ठिपके, एक रिकामी कात आणि आत सरकणारं काहीतरी. खंड दोन प्लॅस्टिक पिशव्यांत गुंडाळून चिकटपट्टी लावून गॅलरीत ठेवलाय. यजमानांना दाखवला. ते काही बोलले नाहीत, फक्त स्वतःची उशी उचलून बघितली.

आता पुढे? ऊन तर आठ दिवस दिसलेलं नाही. मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट फिरवून काढू का?

फडताळ | ११ जुलै, सकाळी १०:५१

नको नको नको! दिवाळी अंकाला पिना असतात. ठिणग्या उडतील, कागद पेटेल.

दुसरं गेट | ११ जुलै, सकाळी ११:२०

रॉकेल चोळा पाठीला.

खानापूरचा जुना | ११ जुलै, दुपारी १२:१५

रॉकेलने डाग पडेल, वास वर्षभर जाणार नाही, आणि आतली अंडी तशीच. फवारा मारायचा डबाही पुस्तकावर नको. औषध पोकळीत पोचत नाही आणि तेच पुस्तक उद्या एखादं पोर मांडीवर घेऊन बसतं.

साधं ऊनही पुरत नाही. ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो, कागद मात्र पिवळा पडतो. त्याला मारायला सगळीकडे पन्नास अंशांच्या आसपास उष्णता पोचावी लागते, अंडी जास्तच चिवट. एप्रिलमध्ये बंद गाडीत काळ्या पिशवीत ठेवून जमलंही असतं, पण जाड खंडाच्या मधोमध उष्णता जायला फार वेळ लागतो. आणि आपला जुलै तुम्हाला ठाऊकच आहे.

राहिली थंडी. उणे १८ अंशांवर सलग चार दिवस. मी पाच म्हणतो, कारण जाड पुस्तकाचा गाभा थंड व्हायलाच एक दिवस जातो. आणि उणे १८ म्हणजे खरोखर उणे १८. घरच्या एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा तेवढा गार असतोच असं नाही. थर्मामीटर ठेवून बघा.

शहापूरवाली | ११ जुलै, संध्याकाळी ७:३०

बघितलं. मुलाच्या प्रयोगाच्या पेटीतला थर्मामीटर दुपारभर ठेवला होता. उणे ९. हे म्हणजे ढेकणांना महाबळेश्वर.

हॉस्टेलवासी | ११ जुलै, संध्याकाळी ७:४४

आईस्क्रीमच्या दुकानातला डीप फ्रीजर बघा. ओळखीचं कुणी असेल तर.

गव्हाची कोठी | ११ जुलै, रात्री ९:००

एवढी भानगड कशाला? धान्यात घालायच्या गोळ्या मिळतात. एक गोळी पिशवीत टाकून बांधून ठेवायची, खोलीत एक ठेवली तर सगळं घर साफ. आमच्या गावात करतात.

सिस्टर अनगोळ | ११ जुलै, रात्री ९:२६

वरच्या सल्ल्यावर कुणीही जाऊ नका. हात जोडून सांगते. मी नर्स आहे.

त्या गोळ्या म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतला दमटपणा लागला की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. पावसाळ्यात दमटपणा कमी आहे का आपल्याकडे? हा वायू हवेपेक्षा जड, खाली साठतो, म्हणजे जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या लेकरांच्या नाकाशी. यावर उतारा नाही. ढेकणांसाठी घरात गोळ्या ठेवून माणसं मेल्याच्या बातम्या आपल्या देशात पुन्हा पुन्हा येतात, बऱ्याचदा भिंतीपलीकडचे शेजारीही त्यात असतात. राहत्या घरात हे काम कुणीच करायचं नसतं, परवानाधारकानेसुद्धा. या गोळ्या मोकळ्या धान्यासाठी, बंद गोदामासाठी आहेत.

गव्हाची कोठी | ११ जुलै, रात्री १०:५८

मला माहीत नव्हतं. पोस्ट काढता येत नाहीये, तेव्हा तशीच वाचून सोडून द्या. उद्या गावी फोन करतो.

समितीवाला | १२ जुलै, सकाळी ९:१५

मी बेळगाव तालुक्यातल्या एका खेड्यातल्या वाचनालयाच्या समितीवर आहे. धागा वाचतोय आणि जरा वाईट वाटतंय. "वर्गणी भरून ढेकूण आणायचे का" म्हणे. ताई, वर्गणी किती भरता? आमच्याकडे महिन्याच्या वर्गणीत दोन चहासुद्धा येत नाहीत. भाड्याची एक खोली, दोन कपाटं कुणाच्या तरी सासऱ्यांच्या स्मरणार्थ आलेली, संध्याकाळी एक मुलगी दोन तास बसते. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला हे आम्ही दर भाषणात सांगतो, पण संमेलनाच्या गावी पुस्तकं झटकायला माणूस मिळत नाही. त्यात कुणी बोभाटा केला की "मराठी वाचनालयात ढेकूण" एवढंच लोकांच्या लक्षात राहणार. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुठेही जा, संमेलनाला मांडव भरतो, दुसऱ्या दिवशी वाचनालयात चारच माणसं.

खानापूरचा जुना | १२ जुलै, सकाळी ११:०५

समितीवाले, तुमचं दुखणं मला नवीन नाही, मी आतून पाहिलंय. पण बोभाटा नको म्हणून लोक सांगत नाहीत आणि पुस्तक फिरत राहतं. आमच्याकडे एकदा एका कादंबरीने चार घरं केली. चौघांनाही माहीत होतं. चौघांनी गुपचूप परत केली.

एक पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा घट्ट झाकणाचा डबा काउंटरखाली ठेवा. परत आलेलं जाड पुस्तक त्या मुलीने पाठ वर करून एकदा विजेरीने बघायचं, शंका आली तर पिशवीत घालून डब्यात. खर्च डब्याचा.

समितीवाला | १२ जुलै, सकाळी ११:४०

डबा होईल. विजेरी तिच्या मोबाइललाच आहे.

शहापूरवाली | १२ जुलै, रात्री ८:२०

समितीवाले दादा, तुमचं वाचून ते वाक्य मागे घ्यावंसं वाटलं. रागात लिहिलं होतं.

माझ्या मावसभावाचं कोल्ड्रिंकचं दुकान आहे. डीप फ्रीजरवरचा काटा उणे २० दाखवतो. त्याला खरं सांगितलं. आधी म्हणाला, "आक्का, कुल्फीशेजारी ढेकूण? गिऱ्हाइकाने बघितलं तर मी गावात राहू कसा?" शेवटी मागच्या जुन्या फ्रीजरमध्ये जागा दिली, त्यात नुसत्या बर्फाच्या लाद्या असतात. तीन पिशव्या, हवा दाबून काढलेली, वर साडीच्या खोक्याचं वेष्टन. आज संध्याकाळी सहाला ठेवला. भावाने वर मार्करने लिहिलंय, "आक्काचं औषध."

निपाणीकर | १२ जुलै, रात्री ८:३३

ढेकणाच्या संगाने हिरा भंगला म्हणतात, इथं ढेकणाच्या संगाने कुल्फी.

खानापूरचा जुना | १२ जुलै, रात्री ९:१०

छान. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत, बंदच ठेवा. नाहीतर हवेतली ओल थंड कागदावर धरेल आणि ढेकूण गेला तरी बुरशी येईल. पाणी पिशवीच्या बाहेर साचू द्या.

आणि दिवाणाचं सांगितलं नाहीत.

शहापूरवाली | १४ जुलै, रात्री १२:१०

काका, तो प्रश्न मी मुद्दाम टाळला होता.

दिवाण जुना आहे. मे महिन्यात जुन्या फर्निचरच्या दुकानातून घेतला, सागवान म्हणून. गेला महिनाभर मीच त्यावर झोपते, कारण यजमानांचं घोरणं. त्यांना गांधी का नाहीत तेही आता कळलं, ते आत पलंगावर असतात.

आज दुपारी मुलाला घेऊन दिवाण उलटा केला. फळ्या जिथे चौकटीत बसतात त्या खाचा, स्क्रूची भोकं, खालच्या कापडाची दुमड. काय काय होतं ते लिहीत नाही, अंड्यांचा पांढरा भुरका खाचेत बसला होता एवढंच सांगते. ते दोन आठवड्यांचं नव्हतं.

म्हणजे वाचनालयातून माझ्याकडे आले नाहीत. माझ्याकडून खंडात गेले. आणि जूनमध्ये मी तीन पुस्तकं परत केलीत.

हॉस्टेलवासी | १४ जुलै, रात्री १२:३५

आक्का, झोपा आता. पण दिवाणावर नको.

सिस्टर अनगोळ | १४ जुलै, सकाळी ७:००

उलट, दिवाणावरच झोपा, कुणी सांगितलं नसेल तर ऐका. आतल्या खोलीत गेलात तर ते तुमच्या मागे आत येतील, मग दोन खोल्या साफ करायच्या. भिंतीपासून दिवाण हात-दीड हात सरकवा, चादर जमिनीला टेकू देऊ नका, चारी पायांखाली गुळगुळीत प्लॅस्टिकच्या वाट्या. पूर्वी पाण्याच्या किंवा रॉकेलच्या ठेवायचे, तेच. चादरी, अभ्रे कढत पाण्यात. गादीच्या शिवणीवर आणि फळ्यांच्या खाचांत कपड्याच्या स्टीमरची वाफ सावकाश फिरवा, घाईने फिरवली तर नुसती ओली होते.

औषधवाला बोलवाल तर एका फेरीत सोडू नका. अंडी बहुतेक औषधांना दाद देत नाहीत आणि आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी फेरी हवीच. नेहमीच्या फवाऱ्यांची ढेकणांना आता सवय झालीय, डीडीटीला तर ते कधीच जुमानेनासे झाले.

वेखंड | १४ जुलै, सकाळी ९:४८

अवांतर. पूर्व युरोपात बाल्कनकडे घेवड्याचा पाला रात्री पलंगाभोवती पसरायचे, सकाळी ढेकणांसकट जाळायचे. २०१३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पानावरचे आकड्यासारखे बारीक केस ढेकणाच्या पायात भोसकले जातात आणि तो जागीच अडकतो. त्यांनी तसं कृत्रिम पान करून बघितलं, ते तितकं जमलं नाही. आपल्याकडे शिवारात एवढा घेवडा, पण आपल्या आज्यांनी हे केल्याचं मी तरी ऐकलं नाही. कुणी ऐकलंय?

निपाणीकर | १४ जुलै, सकाळी १०:०२

घेवड्याची भाजी करत्यात आमच्यात.

शहापूरवाली | १९ जुलै, रात्री ९:३०

खंड १७ ला संध्याकाळी बाहेर काढला, पूर्ण पाच दिवस. काल संध्याकाळी पिशवी उघडली. पांढऱ्या कागदावर पाठ खाली करून हलकेच थोपटला. चार मेलेले पडले, दोन मोठे, दोन तिळाएवढे फिक्कट. पाठीतले ठिपके कापसाने जमतील तेवढे टिपले. कागदाला काही झालं नाही, रेक्झिन मात्र एका कोपऱ्यात किंचित उकललंय.

आज वाचनालयात गेले. तारीख उलटून पाच दिवस झालेले. मावशी काउंटरवर एकट्याच होत्या. दंडाचे पैसे पुढे ठेवले आणि सगळं सांगितलं, दिवाणापासून. त्या ऐकत राहिल्या. मला वाटलं आता सभासदत्व जाणार. त्यांनी चष्मा लावला, जाड रजिस्टर ओढलं आणि विचारलं, "जूनमध्ये कुठली तीन?" दोन कपाटातच होती. दोघींनी खिडकीशी नेऊन पाठीतून बघितलं, स्वच्छ. तरी पिशवीत घातली. तिसरं येळ्ळूरच्या एका शिक्षकांकडे गेलंय.

मावशींनी माझ्यासमोर फोन लावला. मला वाटत होतं त्या म्हणतील "एका सभासदाकडून तक्रार आलीय" वगैरे. त्या म्हणाल्या, "गुरुजी, पुस्तकाच्या पाठीत जरा बॅटरी मारून बघा, ढेकूण असण्याची शक्यता आहे. हो, ढेकूण. नाही, परत नका आणू, पिशवीत बांधून ठेवा."

गुरुजी काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण मावशी हसल्या.

समितीवाला | १९ जुलै, रात्री १०:१५

आमचा डबा आला. मुलीने त्यावर "विश्रांती कक्ष" असं लिहिलंय.

फडताळ | २० जुलै, सकाळी ८:४०

गुरुजींकडे निघाले का?

शहापूरवाली | २ ऑगस्ट, रात्री १०:५०

गुरुजींच्या पुस्तकात काही नव्हतं. त्यांनी ते गॅरेजमध्ये ठेवून वाचून संपवलं म्हणे, उभ्याने.

औषधवाल्याची दुसरी फेरी परवा झाली. वाट्या रोज सकाळी बघते. पहिल्या आठवड्यात तीन सापडले, मग नऊ दिवस काही नाही, आज डाव्या पायाच्या वाटीत एक सापडला, अगदी बारीक, पोट रिकामं. यजमान म्हणाले, संपले की. मी म्हटलं, वाट्या दिवाळीपर्यंत निघणार नाहीत.

आणि भाऊ विचारतोय, फ्रीजरवरचं "आक्काचं औषध" पुसायचं का? दोन गिऱ्हाइकांनी ते कशावरचं औषध म्हणून विचारलं.